तोच भाग, तीच जागा, तिसऱ्यांदा : लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांचे रचना विभाग आणि विक्रीपश्चात सेवा विभाग यांस,

स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात सकाळी कामाला बसताना लॅपटॉपचं झाकण उघडलं आणि डाव्या कोपऱ्यातून ‘कट्’ असा बारीक आवाज आला. हा आवाज आता माझ्या ओळखीचा झाला आहे. वाकून पाहिलं तर स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, पुढची चौकट आणि मागची पाठ यांच्यामध्ये, नख जाईल एवढी फट पडली होती. झाकण जरा मिटायला गेले तशी फट वाढली. मग हात काढून घेतला आणि झाकण होतं त्याच कोनात राहू दिलं. बिजागरी ज्या जागी बसते ती जागा पुन्हा फुटली होती. अडीच वर्षांत तिसऱ्यांदा.

मी भाषांतराचं काम करते. दिवसाचे आठ-नऊ तास या यंत्रासमोर जातात, त्यामुळे त्याला मी जपते. ते कधी हातातून पडलेलं नाही, त्याच्यावर कधी पाणी सांडलेलं नाही, झाकणावर कधी पुस्तकं ठेवलेली नाहीत. हे सगळं आधीच सांगून टाकायची मला आता सवय लागली आहे, कारण सेवा केंद्राच्या काउंटरवर पहिला प्रश्न तोच येतो : ‘मॅडम, पडला होता का?’

माझा लॅपटॉप कोणत्या कंपनीचा आहे ते मी या पत्रात लिहिलेलं नाही. एकीचं नाव घेतलं की बाकीच्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नाही. पण बिजागरी बसवायची ही रीत एका कंपनीपुरती नाही. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना आहे.

पहिल्यांदा बिजागरी उखडली ती सातव्या महिन्यात. तेव्हा फारशी घासाघीस झाली नाही. झाकणाची पाठ बदलून बारा दिवसांनी लॅपटॉप परत मिळाला. जॉब शीटवर एवढंच होतं : ‘पाठीचे कव्हर बदलले, तपासणी ठीक.’ ते का फुटलं, याबद्दल एक शब्द नव्हता. दुसरी वेळ आली अठराव्या महिन्यात. या वेळी मला सांगण्यात आलं की हे ‘फिजिकल डॅमेज’ आहे आणि ते वॉरंटीत बसत नाही. मी फोटो पाठवले. कुठेही ठोक नाही, ओरखडा नाही, कोपरा दबलेला नाही. आधीची जॉब शीट जोडली. दोन आठवडे मेलवर मेल झाले. प्रत्येक उत्तर वेगळ्या माणसाचं, आणि प्रत्येकाला गोष्ट पहिल्यापासून सांगायची. शेवटी ‘या वेळेपुरती सवलत म्हणून’ काम मंजूर झालं. जे माझ्या हक्काचं होतं ते सवलत म्हणून मिळालं, याचं वाईट तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

त्या दुसऱ्या वेळी मी तंत्रज्ञाला विनंती केली की जुना भाग मला दाखवा. तो भला माणूस होता. त्याने पाठ उलटी करून टेबलावर ठेवली आणि वरचा दिवा ओढून जवळ आणला. प्लास्टिकच्या पाठीला आतून तीन छोटे खुंट होते, बोटाच्या नखाहून लहान. प्रत्येक खुंटात एक पितळी बुश, म्हणजे आतून आटे पाडलेली बारीक नळी, गरम करून दाबून बसवलेला. त्या बुशात बिजागरीचा स्क्रू आवळला जातो. तीनपैकी दोन खुंट मुळापासून उपटून आले होते. पितळी बुश स्क्रूला तसाच घट्ट धरून होता आणि त्याच्याभोवती प्लास्टिकचा चुरा चिकटला होता. तिसरा खुंट उभा चिरला होता. स्क्रू शाबूत, बुश शाबूत, बिजागरीचा पोलादी पट्टा शाबूत. गेलं होतं ते फक्त प्लास्टिक. मी विचारलं, ‘नवीन पाठीला वेगळं काही आहे का?’ त्याने नवी पाठ खोक्यातून काढून शेजारी ठेवली. तेच तीन खुंट, तीच जाडी, तेच बुश. तो काही बोलला नाही.

तुमच्या रचना विभागाला यात नवीन काही नाही, पण हे पत्र इतर लोकही वाचतील, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते. लॅपटॉपची बिजागरी दाराच्या बिजागरीसारखी सैल नसते. झाकण हव्या त्या कोनात थांबावं म्हणून तिच्यात मुद्दाम घर्षण ठेवलेलं असतं. झाकण उघडताना आपण वरच्या कडेला बोट लावतो. तिथून बिजागरीपर्यंत झाकणाची सगळी उंची तरफेसारखी काम करते. तो सगळा पीळ बिजागरीच्या पट्ट्यातून दोन-तीन स्क्रूंवर, स्क्रूंतून पितळी बुशांवर आणि बुशांतून त्या चिमुकल्या खुंटांवर येतो. बिजागरी जुनी होते तसं तिच्यातलं वंगण सुकतं, आणि मग ती पहिल्यापेक्षा ताठ होऊ शकते. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं, आणि दुसऱ्या हातात काही असेल तर सगळेच तसं उघडतात, तर जास्तीचा भार एकाच बाजूच्या खुंटांवर पडतो. त्यात बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये गरम हवा बाहेर सोडायची जाळी बिजागरीच्या लगतच असते. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ताण, तिथेच रोजचं तापणं आणि निवणं. प्लास्टिक एका झटक्यात तुटत नाही. आतल्या आत केसाएवढ्या चिरा पडत जातात, आणि एक दिवस ‘कट्’ होतं. तो दिवस ग्राहकाच्या हातात येतो, म्हणून दोषही त्याच्याच हातावर ठेवला जातो.

झाकण दिवसाला वीस वेळा उघडलं-मिटलं असं धरलं, तर तीन वर्षांत सुमारे 22,000 वेळा होतं. तुमच्या जाहिरातींत बिजागऱ्यांच्या चाचण्यांचे असे मोठमोठे आकडे मी वाचले आहेत आणि ते खरेच असतील. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या चाचणीत काय तपासलं जातं, बिजागरी की ती ज्यात रुतलेली आहे ते प्लास्टिक? चाचणीतलं यंत्र तापलेलं असतं का? झाकण कोपऱ्याला धरून उघडलं जातं का? माझी बिजागरी तुमच्या चाचणीत पास होईल, याबद्दल मला शंका नाही. ती आजही उत्तम आहे. फक्त तिला धरून ठेवणारं काही उरलेलं नाही.

उपायही माहितीतले आहेत. खुंटांखाली धातूची पट्टी घातली की भार पसरतो. पट्टा थोडा लांब केला आणि स्क्रू वाढवले की प्रत्येक स्क्रूवरचा ताण उतरतो. बिजागरी थेट धातूच्या सांगाड्याला बसवली तर प्रश्नच मिटतो. घर्षण थोडं कमी ठेवलं तरी फरक पडतो. तुमच्याच महागड्या मॉडेलांमध्ये यातल्या काही गोष्टी असतात. म्हणजे ज्ञान नाही असं नाही.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येते. रचनेत चूक होऊ शकते. हजारो भाग, मोजके महिने आणि जाडी कमी करायचा दबाव असताना एखादा खुंट कमी पडला, तर मी त्याबद्दल रागावणार नाही. राग आहे तो पुढच्या वागण्याचा. जो भाग त्याच्या घडणीमुळे फुटला, त्याच्या जागी हुबेहूब तसाच भाग बसवायचा आणि त्याला दुरुस्ती म्हणायचं, हे मला मान्य नाही. अशाने बिघाडाची फक्त तारीख बदलते. माझ्या बाबतीत पहिला भाग सात महिने टिकला, दुसरा अकरा महिने, तिसरा बारा. तिसरा भाग हातात देताना तो किती दिवसांचा सोबती आहे, हे आधीच्या दोन अनुभवांवरून कुणालाही सांगता आलं असतं.

आणि वॉरंटी मात्र पहिल्या दिवसापासून मोजली जाते. माझी वॉरंटी दोन वर्षांची होती. दुरुस्तीत गेलेले दिवसही तिच्यातूनच वजा झाले. बदललेल्या भागाला मूळ वॉरंटीचा उरलेला काळ किंवा 90 दिवस, यांपैकी जे जास्त असेल ते, असा नियम अनेक वॉरंटी पत्रकांत असतो. माझ्याही पत्रकात तोच आहे. त्यामुळे दुसऱ्या दुरुस्तीला पाच-सहा महिन्यांचंच संरक्षण मिळालं आणि तिसरा बिघाड त्याच्या पलीकडे गेला. या वेळी काउंटरवर उत्तर मिळालं : वॉरंटी संपली, खर्च तुमचा. ज्या भागाला वर्षभराची खात्री देता येत नाही, तो मी स्वतःच्या पैशाने विकत घेऊन पुन्हा त्याच जागी बसवायचा, असा याचा अर्थ होतो.

तुमच्या संगणकात माझ्या यंत्राचा सीरियल नंबर टाकून पाहा. तिथे आधीच्या दोन तक्रारी सापडतील आणि दोन्हींपुढे ‘निराकरण झाले’ असं असेल. दोन्ही वेळा लॅपटॉप मिळाल्यावर मला फोनवर संदेश आला होता, सेवेला गुण द्या म्हणून. मी दोन्ही वेळा पैकीच्या पैकी गुण दिले, कारण प्रश्न तंत्रज्ञाच्या वागण्याबद्दल होता आणि तो माणूस खरोखर चांगला वागला होता. जो भाग बसवला त्याबद्दल मला कुणी विचारलंच नाही. म्हणजे तुमच्या नोंदीत मी दोनदा समाधानी झालेली ग्राहक आहे. तोच नंबर, तोच भाग, तीच डावी बाजू, असं दुसऱ्यांदा दिसलं की कुणाच्या तरी टेबलावर ते आपोआप जावं, अशी सोय तुमच्याकडे असेल तर ती माझ्यापर्यंत पोहोचलेली नाही.

हे काही पहिल्यांदा घडत नाही. 2008 च्या जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या त्यांच्या काही ग्राफिक्स चिपांच्या जोडणीतली सामग्री कमकुवत निघाली आहे आणि दुरुस्ती-बदलीसाठी 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढावे लागणार आहेत. तापणं-निवणं होत राहिलं की चिपखालचे डाकाचे (सोल्डरचे) सूक्ष्म टिपके तडकत. तेव्हा काही लॅपटॉप कंपन्यांनी पंखा जास्त वेळ फिरवणारं बायॉस (यंत्र सुरू करणारी मूळ आज्ञावली) अपडेट दिलं. त्याने चिप जरा थंड राहते आणि बिघाड लांबतो, पण डाक तोच राहतो. वॉरंटी वाढवून देणंही त्यासोबत झालं, आणि ते झालं म्हणून निदान काही ग्राहकांचं नुकसान टळलं.

ॲपलचा ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड तर सर्वांना आठवत असेल. 2015 मध्ये तो आला. बटणांची खोली इतकी कमी की खाली बारीक कण गेला तरी अक्षर उमटेना किंवा दोनदा उमटे. ज्याचं पोट लिहिण्यावर आहे त्याला हे काय वाटत असेल, ते मी समजू शकते. त्यात कीबोर्ड वरच्या संपूर्ण आवरणाला जोडलेला आणि बॅटरीही त्यालाच चिकटवलेली, म्हणून एका बटणापायी सगळा वरचा भाग बदलावा लागे. 2018 च्या जूनमध्ये कंपनीने पहिल्या विक्रीपासून चार वर्षांपर्यंत मोफत दुरुस्तीची योजना आणली, पण बसवला जाई तो त्याच धाटणीचा कीबोर्ड. लोक पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत राहिले. खरी सुटका 2019 च्या नोव्हेंबरपासून झाली, जेव्हा नव्या मॉडेलमध्ये जुन्या कात्री पद्धतीची बटणं परत आली. ज्यांनी तोवर विकत घेतलं होतं त्यांचा खटला 2022 मध्ये 5 कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. 2016 च्या 13 इंची मॅकबुक प्रोमध्ये स्क्रीनच्या प्रकाशाची चपटी केबल झाकणाच्या सांध्याभोवती वळवलेली होती आणि ती जेमतेम पुरणारी होती. प्रत्येक उघडमिटीत ती ताणली जाई, घासली जाई. मग स्क्रीनच्या खालच्या कडेला रंगमंचावरच्या दिव्यांसारखे उजेडाचे डाग दिसू लागत आणि पुढे प्रकाशच जाई. केबल वेगळी बदलता येत नसल्यामुळे अख्खा स्क्रीन बदलण्याशिवाय इलाज नव्हता. यंत्रं उघडून त्यांच्या दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिटच्या लोकांनी 2018 चं मॉडेल उघडून पाहिलं तेव्हा त्यांना तीच केबल दोन मिलिमीटरने लांब केलेली आढळली. दोन मिलिमीटर! जुन्या ग्राहकांसाठी मोफत दुरुस्तीची योजना मात्र 2019 च्या मे महिन्यात आली. नव्या यंत्रात बदल झालेला होता, आणि ज्यांच्या हातात जुनं यंत्र होतं ते तोवर वाट पाहत राहिले. हा मधला काळच मला खटकतो. नव्या मॉडेलमध्ये दोष दुरुस्त करणं हीच त्याची कबुली असते. ती आधीच्या ग्राहकाला सांगायला इतका वेळ का लागावा?

काही ठिकाणी कायदा तुम्हाला हे करायला लावतो. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात एकदा दुरुस्ती करूनही वस्तू सदोष राहिली, तर ग्राहकाला ती परत करता येते किंवा किमतीत कपात मागता येते. कॅलिफोर्नियात वस्तू दुरुस्तीत असेल तेवढे दिवस वॉरंटीचं घड्याळ थांबतं. युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशानुसार, कायदेशीर हमीच्या काळात ग्राहकाने बदलीऐवजी दुरुस्ती स्वीकारली, तर ती हमी एक वर्षाने वाढते. त्याची अंमलबजावणी 31 जुलै 2026 पासून ठरलेली आहे. म्हणजे मी काही अशक्य मागत नाही. ज्या गोष्टी तुम्ही एका देशातल्या ग्राहकासाठी करता किंवा करणार आहात, त्या सगळ्यांसाठी करा, एवढंच म्हणते. खुंट सगळीकडे एकाच तऱ्हेने फुटतो.

माझ्या मागण्या अशा. एकाच यंत्रात तोच भाग दुसऱ्यांदा गेला, तर ती तक्रार सेवा केंद्रापाशी संपू नये. ती रचना विभागाकडे गेली पाहिजे, आणि फुटलेला भागही तिच्यासोबत गेला पाहिजे. नुसता फोटो पुरेसा नाही. तुटलेल्या प्लास्टिकची कड पाहून ते आपटून तुटलं की थकून तुटलं, हे तुमच्या माणसांना कळतं. दुसऱ्यांदा बसवायचा भाग सुधारित असावा. सुधारित भाग अजून तयार नसेल, तर तसं स्पष्ट सांगा आणि यंत्र बदलून द्या. जे बसवाल त्याची वॉरंटी बसवल्या दिवसापासून किमान एक वर्ष मोजा.

‘फिजिकल डॅमेज’ हा शब्द लिहायचा असेल, तर कशावरून ते लेखी द्या : कुठे ठोक आहे, कुठे दाब आहे, कोणत्या फोटोत दिसतं. आज हा शब्द एका रकान्यात एका टिचकीने भरला जातो, आणि तो चुकीचा आहे हे सिद्ध करायचं काम माझ्यावर येऊन पडतं. माझ्याकडे ना सूक्ष्मदर्शक, ना तुमचे नकाशे. तुमच्याकडे दोन्ही आहे.

आणि जॉब शीटवर कारण लिहा. बदललेल्या भागाचा क्रमांक लिहा, त्याची आवृत्ती लिहा, तो नवा आहे की दुरुस्त करून पुन्हा वापरलेला आहे तेही लिहा. डॉक्टर औषध देताना आजाराचं नाव सांगतात, तेवढंच.

एक गोष्ट सेवा केंद्रांत काम करणाऱ्यांविषयी. मला भेटलेल्या एकाही माणसाशी माझं भांडण नाही. काउंटरवर बसलेल्या मुलीला रकान्यातले चारच पर्याय दिलेले असतात आणि ‘रचनेतला दोष’ हा त्यांच्यात नसतो. तंत्रज्ञाला दिवसाला ठरावीक यंत्रं उरकायची असतात. ग्राहकाचा सगळा राग हीच माणसं अंगावर घेतात. ज्यांनी त्या खुंटाची जाडी ठरवली, त्यांना तो राग कधी ऐकू येत नाही. दुसऱ्या वेळी तो तंत्रज्ञ दोन्ही पाठी शेजारी शेजारी ठेवून गप्प उभा राहिला, ते मी विसरलेले नाही. त्याला जे दिसत होतं ते वर कळवायची वाट त्याच्याकडे नव्हती. ती वाट करून द्या. रोज पन्नास यंत्रं उघडणाऱ्या माणसाला तुमचा दोष तुमच्या प्रयोगशाळेआधी कळतो.

लॅपटॉप दुरुस्तीला जातो तेव्हा काय काय थांबतं, तेही सांगायला हवं. देण्याआधी सगळ्या कामाची दुसरी प्रत काढायची, कारण ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ यावर सही घेतली जाते. बिजागरी बदलायची असली तरी पासवर्ड मागितला जातो. मग उसन्या यंत्रावर काम. त्यात माझा मराठी कीबोर्ड नाही, माझे शब्दसंग्रह नाहीत. पहिल्या वेळी बारा दिवस, दुसऱ्या वेळी एकोणीस. त्या एकोणीस दिवसांत एक काम माझ्या हातून गेलं, कारण मुदत पाळता आली नाही. त्या माणसाला मी बिजागरीचं कारण सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं आणि काम दुसरीकडे दिलं. त्याचंही चुकलं नाही.

सध्या माझा लॅपटॉप टेबलाच्या मागच्या कडेला, भिंतीला टेकवून उघडा ठेवलेला आहे. महिनाभर तो मिटलेला नाही. रात्री त्याच्यावर कापड टाकते. आत सगळं ठीक आहे : मदरबोर्ड, बॅटरी, स्क्रीन, एकेक बटण. हे पत्रही त्याच्यावरच लिहिलं आहे. दुसऱ्या वेळी मागून घेतलेला एक पितळी बुश, त्याला चिकटलेल्या प्लास्टिकच्या चुऱ्यासकट, माझ्या खणात एका डबीत ठेवलेला आहे. तुमच्या रचना विभागातल्या कुणालाही तो पाहायचा असेल तर मी स्वखर्चाने पाठवीन. माझा पत्ता तुमच्याकडे तीन तक्रारींवर तीनदा लिहिलेला आहे. पुढच्या मॉडेलचे साचे पाडून घ्यायच्या आधी तो एकदा हातात घेऊन बघा.

कळावे,
आपली,
एक ग्राहक